अर्दित आणि लकवा : दिल्लीतील एका व्याधीच्या दोन नावांचा इतिहास

दिल्लीच्या करोल बागेतील अजमल खान मार्ग आज कपड्यांच्या आणि चपलांच्या खरेदीसाठी ओळखला जातो. ज्या हकिमाचे नाव या रस्त्याला दिलेले आहे, त्याने उभारलेले तिब्बिया महाविद्यालय याच परिसरात आहे, याची जाणीव तेथील गिऱ्हाइकांपैकी फार थोड्यांना असते. २९ मार्च १९१६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली आणि १३ फेब्रुवारी १९२१ रोजी महात्मा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. साम्राज्याच्या प्रतिनिधीने पायाभरणी करावी आणि असहकाराच्या ऐन काळात त्या चळवळीच्या नेत्याने दार उघडावे, हा योगायोग इतिहासकारांच्या नजरेतून सुटलेला नाही. प्रस्तुत निबंधाचा विषय मात्र त्याहून लहान आहे. या एकाच आवारात आयुर्वेद आणि युनानी अशा दोन्ही वैद्यकपद्धती शिकविल्या जातात. चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडलेला रुग्ण तेथे आला, तर वैद्याच्या दृष्टीने तो 'अर्दित' असतो आणि हकिमाच्या दृष्टीने 'लक़्वा'. स्वतः रुग्णही बहुधा 'लकवा' हाच शब्द घेऊन आलेला असतो. परंतु त्याचा लकवा हकिमाच्या लक़्व्यापेक्षा निराळा असतो. या तीन शब्दार्थांतील अंतर कसे पडले आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हा येथील प्रश्न आहे.

संस्कृत वैद्यकात 'अर्दित' या संज्ञेचा अर्थ प्रारंभापासूनच एकसंध नव्हता. पीडा देणे या अर्थाच्या 'अर्द्' धातूपासून आलेला हा शब्द मुळात कोणत्याही पीडिताला लागू पडावा. वैद्यकाने त्याला वातव्याधींतील एका विशिष्ट अवस्थेचे नाव केले. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील अठ्ठाविसाव्या अध्यायात अर्दिताची व्याप्ती मोठी आहे. प्रकुपित वायू शरीराच्या अर्ध्या भागात, किंवा केवळ मुखात, शिरतो असे तेथे मानले आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मात्र हा विकार मुखापुरता मर्यादित केलेला आढळतो. वाग्भटाने अष्टांगहृदयात काही जण या विकाराला 'एकायाम' म्हणतात, अशी नोंद केली आहे. म्हणजे संज्ञेविषयी एकमत नाही हे परंपरेला ठाऊक होते, आणि तिने ते लपविले नाही. अर्ध्या शरीराचे अर्दित आणि पक्षाघात यांत भेद कोणता, या प्रश्नाशी टीकाकार झगडत राहिले; अर्दिताला वेग असतो, तो येतो आणि ओसरतो, पक्षाघात ठाण मांडून बसतो, अशा स्वरूपाचे उत्तर त्यांनी दिले. आजच्या परिभाषेत बोलायचे तर मेंदूतील रक्तप्रवाह खंडित झाल्याने येणारा अर्धांगवायू आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूला सूज आल्याने येणारी मुखदुर्बलता या दोन भिन्न घटना चरकाच्या संज्ञेत एकत्र नांदतात, तर सुश्रुताच्या संज्ञेत वेगळ्या होऊ लागतात. सुश्रुताने हे कारणमीमांसेच्या बळावर केले असे मानण्यास आधार नाही. पाहणाऱ्याच्या डोळ्याने केले, एवढेच म्हणता येते.

या पाहण्याची सूक्ष्मता मात्र थक्क करणारी आहे. चरकाच्या वर्णनात नाक, भुवई, कपाळ, हनुवटी एकीकडे ओढली जातात, डोळा ताठरतो, घास तोंडात वाकड्या वाटेने सरकतो, शिंक अडते, वाणी अडखळते आणि कानालाही बाधा होते. कानाचा उल्लेख लक्षणीय आहे, कारण या व्याधीत बाधित बाजूच्या कानाला साधे आवाजही असह्य वाटू शकतात, हे पुढे मज्जातंतूच्या मार्गाचा अभ्यास झाल्यावरच नीट कळले. सुश्रुताने गर्भिणी, नुकतीच प्रसूत झालेली स्त्री, बालक, वृद्ध आणि रक्तस्रावाने क्षीण झालेली व्यक्ती यांना या विकाराचा धोका असल्याचे सांगितले आहे. गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांत हा विकार अधिक आढळतो, ही नोंद आधुनिक वैद्यकातही आहे. मोठ्याने बोलणे, कठीण पदार्थ चावणे, जांभई, ओझे वाहणे, अशी जी इतर कारणे त्याच ठिकाणी येतात त्यांना असा आधार मिळत नाही; दोन्ही प्रकारच्या विधानांना एकाच श्रद्धेने कवटाळणे किंवा एकाच फटक्यात झिडकारणे सारखेच अनैतिहासिक ठरेल.

सुश्रुताचा असाध्यतेचा निकष तर एखाद्या अनुभवी चिकित्सकाच्या टिपणासारखा वाटतो. रुग्ण क्षीण असेल, पापणी लवत नसेल, बोलणे सतत अस्पष्ट राहत असेल, कंप असेल किंवा विकाराला तीन वर्षे होऊन गेली असतील, तर त्याने बरे होण्याची आशा दिलेली नाही. याचा व्यत्यास महत्त्वाचा आहे. नव्या, सशक्त, पापणी लवणाऱ्या रुग्णात यश मिळते, असा त्याचा ध्वनी निघतो. अशा रुग्णात उपचाराविनाही सुधारणा होते का, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नव्हता. जगात इतरत्रही विचारला नव्हता.

उपचारांची यादी तेल, दूध आणि उष्णता यांभोवती फिरते. नस्य, मस्तकावर तेल, नाडीस्वेद, पाणथळ प्रदेशातील प्राण्यांच्या मांसाचे उपनाह, हे चरकाचे. शिरोबस्ती आणि क्षीरतैल हे सुश्रुताचे विशेष. शिरोबस्तीत डोक्याभोवती चामड्याची उंच टोपी बसवून, तिची कड उडदाच्या पिठाने लिंपून, आत कोमट तेल धरून ठेवतात. क्षीरतैलात मुळांचा दुधातील काढा आणि तेल एकत्र सिद्ध करून ते थंड करून घुसळतात व वर येणारा स्नेह घेतात. हेच द्रव्य तेलाविना केले म्हणजे क्षीरसर्पी होते, आणि ते डोळ्याच्या तर्पणासाठी वापरावे असा निर्देश आहे. पापणी मिटत नसल्यामुळे कोरडे पडून बुबुळाला इजा होणे, हा या व्याधीतील खरा तातडीचा धोका आहे. आज त्यासाठी कृत्रिम अश्रूंचे थेंब देतात व रात्री पापणी पट्टीने मिटवून ठेवतात. डोळ्याकडे वेगळे लक्ष द्यावे लागते ही जाण त्या क्षीरसर्पीत आहे. पुढे चक्रदत्ताने लोण्याबरोबर उडदाचे वडे खाण्याचा प्रयोग सांगितला आणि औषध थेट स्वयंपाकघरात येऊन पोहोचले. उडीद वातशामक मानला गेल्याने हे ओघाने आले. शिवाय लुळ्या गालाने वडा चावणे हा व्यायामही झाला असेल, असे कोणी म्हटले तर त्याला हरकत घेता येणार नाही, पुरावाही मागता येणार नाही.

आठव्या-नवव्या शतकांत बगदादमध्ये चरक आणि सुश्रुत अरबीत पोहोचले. अली इब्न रब्बान अल्-तबरीने इ.स. ८५० च्या सुमारास लिहिलेल्या 'फ़िरदौस अल्-हिक्मा'च्या अखेरीस भारतीय वैद्यकाचा स्वतंत्र भाग जोडला आहे, आणि अल्-राझीच्या 'अल्-हावी'त भारतीय ग्रंथकारांचे निर्देश येतात. याच राझीने चेहऱ्याच्या लुळेपणाचे जे वर्णन केले, त्यात कपाळाच्या आठ्या नाहीशा होण्याची नोंद आहे. ही खूण निर्णायक आहे. चेहऱ्याचा मज्जातंतू दुखावला असेल तर कपाळही सपाट होते. विकार मेंदूत असेल तर बहुधा कपाळाची हालचाल शाबूत राहते. अरबी वैद्यकाने अर्ध्या अंगाच्या लुळेपणाला 'फ़ालिज' आणि चेहऱ्याच्या वाकडेपणाला 'लक़्वा' अशी दोन स्वतंत्र नावे दिली व ती निष्ठेने वेगळी राखली. अरबी कोशांत 'लक़्वा'चा एक अर्थ गरुडाची मादी असाही आहे, आणि युनानी ग्रंथकार वाकड्या चोचीवरून हे नाव पडल्याचे सांगतात. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राला कितपत पटेल हा प्रश्न निराळा; पण व्याधीच्या नावात एक प्रतिमा दडलेली आहे, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने नोंदवावी अशी आहे. 'अर्दित' या शब्दात प्रतिमा नाही, केवळ वेदना आहे.

लक़्व्याच्या युनानी चिकित्सेत मधाचे पाणी, तोंडात बाधित बाजूस धरावयाचे जायफळ, अंधारी खोली आणि आरसा यांना स्थान आहे. रुग्णाने आरशात पाहून चेहरा सरळ ठेवण्याचा प्रयत्न करावा, अशी त्यामागची कल्पना. आजचे भौतिकोपचारतज्ज्ञ या रुग्णांना आरशासमोर बसवूनच भुवया उचलण्याचे, गाल फुगविण्याचे व्यायाम शिकवितात. आयुर्वेदीय ग्रंथांत आरसा नाही. तेथे रुग्ण उताणा झोपून नाकात तेलाचे थेंब घेतो. आपल्या विद्रूप चेहऱ्याकडे रुग्णाने स्वतः पाहावे की पाहू नये, याविषयी दोन परंपरांनी मौनातून दिलेली ही दोन उत्तरे आहेत.

दिल्लीच्या सल्तनतीत या दोन परंपरा पुन्हा समोरासमोर आल्या. सिकंदर लोदीचा वजीर मियाँ भुवा याने १५१२ मध्ये 'मअदन अल्-शिफ़ा-ए-सिकंदरशाही' हा ग्रंथ फारसीत सिद्ध केला. त्याची सामग्री सुश्रुत, चरक, माधवनिदान, वाग्भट, चक्रदत्त आणि शार्ङ्गधर यांची आहे. ग्रीक वैद्यकातील औषधांची नावे या देशात कोणाला कळत नाहीत, ती द्रव्ये येथे मिळत नाहीत आणि येथील प्रकृतीला ते वैद्यक मानवतही नाही, असा युक्तिवाद त्याच्या प्रस्तावनेत आहे. मुसलमान सुलतानाच्या वजिराने फारसीतून केलेला हा युक्तिवाद चारशे वर्षांनी वैद्यांनी विलायती वैद्यकाविरुद्ध केलेल्या युक्तिवादाशी इतका मिळताजुळता आहे, की 'परकीय' आणि 'देशी' या कोटी किती सरकत्या असतात हे त्यावरून उमगावे. भुवाचे पुढे इब्राहिम लोदीशी पटले नाही आणि कैदेत त्याचा अंत झाला. ग्रंथ मात्र टिकला. एकोणिसाव्या शतकात लखनौच्या नवल किशोर छापखान्याने तो छापला. सिकंदर लोदीची कबर असलेल्या बागेत आज दिल्लीकर सकाळी फिरावयास जातात.

ग्रंथांत जपलेला हा नामभेद लोकभाषेत टिकला नाही. 'अर्दित' हा शब्द वैद्यांच्या पोथीबाहेर कधी पडलाच नाही. 'लकवा' पडला, आणि बाहेर पडताच फुगला. हिंदीत आणि मराठीत तो कोणत्याही अवयवाच्या लुळेपणाला लागू झाला. 'फ़ालिज' उर्दूत राहिला, मराठीने तो घेतलाच नाही. शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाच्या दहा वर्गांत रोगांचा वर्ग नाही. दरबारी भाषा शुद्ध करणे निकडीचे वाटले, आजाऱ्याची भाषा तशीच राहिली. पुढे लकवा राजकारणाच्याही उपयोगी पडला. २०१३ मध्ये फायलींवर सह्या करताना हाताला लकवा भरतो काय, अशा आशयाची शरद पवार यांची टीका महाराष्ट्रात गाजली, आणि 'धोरणलकवा' हा समास वृत्तपत्रांत रुळला. मूळ अरबी अर्थाप्रमाणे हाताला लक़्वा होऊच शकत नाही, याची आठवण कोणाला होण्याचे कारण नव्हते.

मराठीत याखेरीज एक जुना वाक्प्रचार आहे : अंगावरून वारे जाणे. चरक-सुश्रुतांचा वायू येथे पोथी सोडून माजघरात आला आहे. तमिळ सिद्धवैद्यकात याच विकाराला 'मुगवातम्' म्हणजे मुखवात म्हणतात. दिल्लीतही थंडीच्या दिवसांत तोंड वाकडे झालेल्याला 'हवा लग गई' असे सांगणारे शेजारी असतातच. मात्र शास्त्रातील वायू शरीरात असतो व तेथेच प्रकुपित होतो. लोकसमजुतीतील वारे बाहेरून येऊन अंगावरून जाते. एका शब्दाने दोन कल्पना वाहून नेल्या, आणि वैद्य व रुग्ण एकच शब्द उच्चारून वेगवेगळे समजत राहिले.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी या परंपरांना संघटनेची गरज भासली. मराठीतील 'आर्यभिषक'चे कर्ते शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने १९०७ मध्ये नाशिकला आयुर्वेद महासंमेलनाचा आरंभ झाला. त्या संस्थेचे मुख्यालय आज दिल्लीत पंजाबी बागेत आहे. १९१० मध्ये अजमल खान यांनी वैद्य-हकिमांची संयुक्त परिषद स्थापिली. १९१२ च्या मुंबईच्या वैद्यकीय नोंदणी कायद्याने पाश्चात्त्य पदवीधरांनाच मान्यता देऊ केली, तेव्हा वैद्य आणि हकीम यांना परस्परांची गरज अधिकच पटली. तिब्बिया महाविद्यालय हे त्या गरजेचे स्थापत्यरूप आहे. तेथे अभ्यासली जाणारी चरकसंहिता बहुधा यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादिलेली, मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात १९४१ मध्ये छापलेली. म्हणजे दिल्लीच्या अर्दिताचा पाठही मुंबईमार्गेच येतो. 'शैदा' या नावाने कविता करणाऱ्या अजमल खानांनी उद्घाटनाला गांधींना बोलाविले, आणि गांधींनी स्तुतीऐवजी खडे बोल सुनावले. पाश्चात्त्य वैद्यकाविषयीचे आपले आक्षेप त्यांनी सोडले नाहीत; पण त्या संशोधकांच्या जिज्ञासेला त्यांनी आदरपूर्वक वंदन केले आणि वैद्य-हकिमांत ती जिज्ञासा दिसत नाही, अशी खंत बोलून दाखविली. अजमल खानांना ते मनोमन पटलेले असावे. त्यांच्या प्रेरणेने तेथे उभ्या राहिलेल्या संशोधनसंस्थेत सलीमुज़्ज़माँ सिद्दीक़ी यांनी १९३१ मध्ये सर्पगंधेतून वेगळे केलेल्या द्रव्याला 'अजमलीन' हे नाव मिळाले. अर्दिताच्या वाट्याला मात्र असा संशोधक आला नाही.

युरोपात या व्याधीला चार्ल्स बेल यांचे नाव मिळाले, तेही एका विलक्षण वाटेने. बेल शस्त्रवैद्य होते आणि चित्रकारही. चित्रकलेतील भावदर्शनामागील शरीररचना हा त्यांच्या १८०६ च्या ग्रंथाचा विषय होता, आणि १८७२ मध्ये डार्विनने भावनांच्या अभिव्यक्तीवर लिहिताना त्याचा आधार घेतला. १८२१ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात बेल यांनी चेहऱ्याच्या मज्जातंतूला श्वसनाचा तंतू मानले, हे चूक होते. या व्याधीचे वर्णन जर्मनीत फ्रीडराइख यांनी १७९८ मध्येच केले होते. तरीही नाव बेल यांचे राहिले. भावदर्शनाचे कुतूहल आणि व्याधीचे निरीक्षण त्यांच्यात एकत्र आले, हे त्यांचे वेगळेपण. भारतात नाट्यशास्त्राच्या आठव्या अध्यायात डोळे, भुवया, नाक, ओठ, गाल आणि हनुवटी या उपांगांच्या अभिनयाची बारीक नोंद आहे. चरकाने अर्दितात वाकड्या होणाऱ्या अवयवांची जी मोजदाद केली, ती जवळजवळ याच उपांगांची. दोन्ही याद्या एकाच संस्कृतीत, एकाच भाषेत उपलब्ध होत्या. त्या एकत्र ठेवून चेहरा हसतो कशाने, असे विचारणारा ग्रंथ संस्कृतात लिहिला गेला नाही.

उपचारांच्या यशापयशाचा विचार करताना एक आकडा टाळता येत नाही. डेन्मार्कमधील पीटरसेन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बेलच्या पक्षाघाताचे, म्हणजे कोणतेही उघड कारण न सापडणाऱ्या मुखदुर्बलतेचे, १,७०१ रुग्ण औषधाविना निरीक्षणाखाली होते. त्यांपैकी ७१ टक्के पूर्णपणे बरे झाले. ८५ टक्क्यांत पहिल्या तीन आठवड्यांतच सुधारणा दिसू लागली. या पार्श्वभूमीवर क्षीरतैल, जायफळ, उडदाचे वडे, आणि उत्तर भारतात आजही कोठे कोठे चालणारी कबुतराच्या रक्ताची मालिश, या सर्वांना आपापले कृतज्ञ रुग्ण कसे मिळाले हे कळते. त्यांत लबाडी नव्हती. दहांपैकी सात चेहरे सरळ झालेले वैद्याने आपल्या डोळ्यांनी पाहिले होते. परंतु जेथे तुलनेसाठी दुसरा गट नसतो, तेथे शंभरांपैकी सत्तर रुग्ण बरे झाल्याचा अहवाल औषधाविषयी काहीच सांगत नाही. स्कॉटलंडमध्ये असा तुलनेचा अभ्यास झाला व २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. लक्षणे दिसल्यापासून ७२ तासांच्या आत प्रेडनिसोलोन सुरू केलेल्या रुग्णांपैकी ९४.४ टक्के नऊ महिन्यांनी पूर्ववत झाले. ते न दिलेल्यांत हे प्रमाण ८१.६ टक्के होते.

हा तेरा टक्क्यांचा फरक ज्यांच्या वाट्याला येतो, त्यांच्यासाठी शब्दांचा इतिहास ही पांडित्याची बाब राहत नाही. हिंदी-मराठीतील फुगलेला 'लकवा' दोन्ही बाजूंनी घात करतो. केवळ चेहऱ्याचा विकार झालेली नुकतीच प्रसूत झालेली तरुणी 'लकवा' ऐकून आयुष्यभराच्या पंगुत्वाच्या धास्तीने खचते. उलट, मेंदूचा झटका आलेला, कपाळाची आठी शाबूत असलेला, हात जड पडलेला वृद्ध 'हवा लागली आहे, मालिश करू' म्हणून घरी ठेवला जातो, आणि रक्ताची गुठळी विरघळविण्याचे औषध ज्या साडेचार तासांत द्यावयाचे असते ते तास निघून जातात. युनानी परंपरेत पहिले काही दिवस तीव्र औषध न देता मधाच्या पाण्यावर ठेवण्याची रीत होती. त्या काळी तिने काही बिघडत नसे, कारण द्यावयाचे दुसरे काही नव्हते. आज नेमके तेच दिवस मोलाचे आहेत. राझीने कपाळाकडे पाहण्याची जी दृष्टी दिली, ती 'लक़्वा' या शब्दाबरोबर दिल्लीपर्यंत आली. शब्द बाजारात गेला, दृष्टी पोथीत राहिली. अभ्यंग, स्वेदन किंवा नस्य यांनी रुग्णाला आराम वाटत असेल, तर तो आराम खोटा म्हणण्याचे कारण नाही. ते उपचार पहिल्या तीन दिवसांतील निदानाची जागा घेणार असतील, तर मात्र सुश्रुताच्या तीन वर्षांच्या मर्यादेपर्यंत पोहोचणाऱ्यांची संख्या वाढेल.

दिल्लीतच या नावांना एका तक्त्यात बसविण्याचा प्रयत्न अलीकडे झाला. १७ ऑक्टोबर २०१७ रोजी सरिता विहार येथे अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन झाले, आणि १० जानेवारी २०२४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणातील पारंपरिक वैद्यकाचा दुसरा विभाग नवी दिल्लीत प्रकाशित झाला. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी या तिन्ही पद्धतींच्या रोगसंज्ञा त्यात एकाच व्यवस्थेत आणल्या आहेत, आणि आधुनिक निदानाच्या जोडीने त्या नोंदविण्याची सोय आहे. बगदाद आणि लोदींची दिल्ली यांनी अनुवादाने जे केले, ते येथे संकेतांकांनी होत आहे. नोंद करणाऱ्या वैद्याला वा हकिमाला त्यात आपापली संज्ञा सापडेल. करोल बागेत नोंदणीच्या खिडकीपाशी उभी असलेली बाई मात्र अजूनही 'लकवा' म्हणते, आणि तिच्या कपाळाला आठी पडते की नाही हे तिला विचारावे लागते.